तंजावरचं सरस्वती महाल: काचेच्या कपाटातलं आणि गाठोड्यातलं

कावेरीकाठ

तंजावरला गेलेला मराठी माणूस ठरलेल्या वाटेने फिरतो. सकाळी बृहदीश्वर, दुपारी राजवाडा, तिथला दरबार हॉल, ब्राँझच्या मूर्ती, आणि गाडीला अजून वेळ आहे म्हणून सरस्वती महाल ग्रंथालयाच्या छोट्याशा संग्रहालयात एक चक्कर.

त्या चकरेत जे दिसतं ते भारीच आहे, वादच नाही. शार्ल ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची माणसाच्या आणि जनावराच्या चेहऱ्यांतलं साम्य दाखवणारी चित्रं आहेत. एकीकडे घुबड, शेजारी घुबडासारखा बघणारा सद्गृहस्थ. मुलं तिथून हलत नाहीत आणि मोठी माणसं आपापल्या साहेबाचा चेहरा शोधत बसतात. जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशाची १७८४ची प्रत, ॲमस्टरडॅमला १७९१मध्ये छापलेलं सचित्र बायबल, लव्हाझियेचं रसायनशास्त्राचं फ्रेंच पुस्तक, हत्तींवरचं सचित्र गजशास्त्र, ताडपत्रावरची रामायणं, असं बरंच काही.

इतिहास थोडक्यात उरकतो. नायक राजांच्या वेळी इथे 'सरस्वती भांडार' होतं. १६७५मध्ये व्यंकोजीराजांनी (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) तंजावर घेतलं आणि भांडार भोसल्यांकडे आलं. त्याला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या सरफोजींनी, १७९८ ते १८३२ या काळात. यांचं शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं. गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९च्या तहाने, कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती राहिला किल्ला, वाडा आणि उत्पन्नातला पाचवा हिस्सा. लढाया नाहीत, वसुली नाही, हातात पैसा आणि वेळ. दुसरा एखादा असता तर नाचगाणं आणि शिकार यांत आयुष्य गेलं असतं. यांनी लंडनहून विल्यम टोरिनमार्फत पुस्तकं मागवली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक, डॅनिश, इटालियन मिळून साडेचार हजारांच्या घरात. पुस्तकांवर इंग्रजीत सही. १८२०च्या सुमारास काशीयात्रेला निघाले ते मोठा लवाजमा घेऊन, आणि तिकडूनही पोथ्या जमवून आणल्या. आज तिथे चाळीस हजारांच्या वर हस्तलिखितं आहेत. बहुतेक संस्कृत, शिवाय तमिळ, तेलुगू, आणि मराठी तीन हजारांवर.

आता मुद्द्याचं. या सगळ्याच्या मागे, पर्यटकाला न दिसणारी, सुमारे ८५० गाठोडी मोडी कागदांची आहेत. त्यातला काही भाग तंजावरच्याच तमिळ विद्यापीठात आहे. कोठीचे हिशेब, देवळांची नेमणूक, अन्नछत्रांचा खर्च, चाकरांचे पगार, औषधांच्या याद्या, पत्रव्यवहार. कावेरीच्या खोऱ्यातल्या एका राजवाड्याचं रोजचं जगणं मराठीत लिहिलेलं आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा जवळपास शून्य. जॉन्सनचा शब्दकोश जगात शेकडो ठिकाणी पाहायला मिळेल. १८१०-१२ साली तंजावरच्या मुदपाकखान्यात तांदूळ किती गेला याचा कागद फक्त तिथेच मिळणार.

माझ्या मते खरा खजिना तो. बाकीच्यांचं काय म्हणणं?

---

पेठकर_उवाच

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

पण एक बोलतोच. हे कागद मराठी, राजे मराठी, लिपी मोडी. तिकडे वाचणार कोण? पुण्यात आणा, चार वर्षांत वाचून होतील.

बाकी सांबाराचा उल्लेख नाही हे पाहून डोळे पाणावले. संभाजीराजे तंजावरला आले, आमटीत आमसूल नव्हतं म्हणून चिंच घातली, आणि... बरोबर ना? :)

---

कावेरीकाठ

पेठकर, सांबारावर धाग्याचं काश्मीर (म्हणजे न संपणारं भांडण) होऊ देऊ नका ही विनंती. ती गोष्ट चवीची आहे, पण तिला समकालीन कागदाचा आधार आजवर कोणी दाखवलेला नाही. फार तर दंतकथा म्हणून जेवताना सांगावी.

---

रायर_अण्णा

नमस्कार. मी चेन्नईत राहतो, घरचे मूळ तंजावरचे. आमच्या लोकांना तमिळ शेजारी 'रायर' म्हणतात, म्हणून हे नाव. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण ती ऐकून तुम्ही हसाल, म्हणून इथे पुस्तकी मराठी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

पेठकरांना विचारायचं होतं, पुण्याला आणायचं ते कुठल्या हक्काने?

१८५५मध्ये शेवटचे शिवाजीराजे वारले, मुलगा नव्हता. कंपनीने राज्य तर घेतलंच, वाड्यातली खासगी मालमत्तासुद्धा ताब्यात घेतली. राणीसाहेब कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. १८५९मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, यात न्यायालयाला हात घालता येणार नाही. कायद्याच्या कॉलेजात हा खटला अजून शिकवतात. पुढे १८६२मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली. मधल्या काळात त्या पुस्तकांचं काहीही होऊ शकलं असतं. लखनौच्या नबाबांच्या ग्रंथसंग्रहाची १८५७च्या धामधुमीत कशी वाताहत झाली ते आठवा.

त्यानंतर बर्नेल नावाचे जज्ज तंजावरला होते. त्यांनी संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची केली, ती १८८०मध्ये लंडनहून छापून आली. १९१८मध्ये ग्रंथालय सर्वांना खुलं झालं. मग गावातल्या विद्वान घराण्यांनी आपापले संग्रह तिथे आणून दिले. जंबुनाथभट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत. आडनावं बघा. ही माणसं पुण्याला नाही गेली पोथ्या द्यायला, वाड्यात गेली. कारण त्यांचं गाव तंजावर.

आणि 'तिकडे वाचणार कोण' याचं उत्तर: तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचं तमिळ भाषांतर टिपांसकट तीन खंडांत छापलंय. माझ्या कपाटात आहेत. मराठीत असं किती छापलं, ते तुम्हीच सांगा.

---

पेठकर_उवाच

अण्णा, वर्मावर बोट. आणण्याचा मुद्दा मागे घेतो. तीन खंडांचं खरंच माहीत नव्हतं.

---

लेखणी

मी मोडीचे वर्ग घेते, म्हणून थोडं तांत्रिक.

'मोडी येतं, जातो आणि वाचतो' असं म्हणून तंजावरला गेलेल्याचं पहिल्याच कागदावर पाणी पाणी होतं. आपण वर्गात पेशवाई वळण शिकवतो. त्याचे नमुने भरपूर, त्याच्या याद्यांचे साचे पाठ झालेले असतात. वरचा मजकूर अडला तरी पुढे काय येणार याचा अंदाज येतो, आणि मोडी वाचन अर्धं अंदाजावर चालतं हे कोणीही मोडी वाचणारा कबूल करेल. तंजावरी कागदात तो अंदाजच चालत नाही. गावांची नावं तमिळ, माणसांची नावं तमिळ, धान्य कलम आणि मरक्काल या तिकडच्या मापांत, पैसे चक्रम आणि पणम यांत. 'तिरुवैयारु' हे नाव एका झटक्यात, हात न उचलता मोडीत लिहिलेलं बघा एकदा. नाव आधी माहीत नसेल तर ब्रह्मदेवाला लागणार नाही.

म्हणजे एकट्या मराठी माणसाला ते कागद वाचता येत नाहीत आणि एकट्या तमिळ माणसालाही. शेजारी बसून वाचायचं काम आहे ते.

आणि गाठोड्याचा रुमाल सोडताना जपून. दोनशे वर्षं घडी घातलेला कागद घडीवरच तुटतो. इकडच्या एका दफ्तरखान्यात (नाव नको) घडी उलटी दाबून कागद 'सरळ' करताना पाहिलंय एकाला. तुकडा हातात आला.

---

एक_शंका

ताई, ताडपत्रांचं काय? ती कशी टिकली? दमट हवा, वाळवी, कसर, सगळंच आहे तिकडे.

---

रायर_अण्णा

आमच्याकडे ताडपत्रावर शाईने लिहीत नाहीत. लोखंडी अणकुचीदार लेखणीने अक्षर कोरतात, मग वरून काजळी चोळून पुसून घेतात. कोरलेल्या रेषेत काळं राहतं, बाकी पान स्वच्छ. नवीन कोरलेलं पान काजळीशिवाय हातात धरलं तर कोरं वाटतं. उजेडाकडे तिरकं केलं की ओळी उठतात.

जपण्यासाठी पानांना गवती चहाच्या जातीचं तेल लावतात. ते लवचीक राहतं, किडा येत नाही. आणि पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे पुरचुंडी: वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, काळं जिरं यांची पूड, त्यात कापूर. कापडात बांधून पोथ्यांच्या मध्ये ठेवायची. वास उडाला की बदलायची. वेखंड मुख्य. आमच्या आजीच्या ट्रंकेत रेशमी लुगड्यांतही हीच पुरचुंडी असायची.

---

चमचा_झारा

अण्णा, पुरचुंडीची कृती वाचून गरम मसालाच डोळ्यासमोर आला.

आता मला माझ्या विषयाकडे येऊ द्या. सरफोजींच्या नावावर 'शरभेंद्र पाकशास्त्र' आहे, मराठीत, आणि ते याच ग्रंथालयाने छापलंय. (शरभेंद्र म्हणजे सरफोजीच.) दक्षिणेतल्या एका मराठी राजाच्या मुदपाकखान्यातले पदार्थ, शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही. तंजावरच्या मराठा घरांत सुंटी आणि खिम्याचे उंडे अजून होतात असं ऐकून आहे. कोणी खाल्लंय का? नुसतं वाचून पोट भरत नाही.

---

रायर_अण्णा

ताई, आम्ही देशस्थ, आमच्याकडे उंडे नाहीत :) पण सरदार घराण्यांत सुंटी होते. मटणाचे बारीक तंतू सोडवून मसाल्यात परततात.

---

डॉ_नेत्रा

मी नेत्रतज्ज्ञ. या धाग्यावर माझी हजेरी लागायलाच हवी.

कावेरीकाठ यांनी औषधांच्या याद्यांचा उल्लेख केलाय, पण सगळ्यात अचंबित करणारी वस्तू त्यांनी गाळली. सरफोजींनी 'धन्वंतरी महाल' नावाची संस्था काढली होती. तिथे औषधं बनायची, रोग्यांवर उपचार व्हायचे, आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक असं सगळं एका छपराखाली. त्या उपचारांतलं निवडक ज्ञान तमिळ पद्यात बांधून घेतलं, ते 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' म्हणून ग्रंथालयाने रोगवार छापलं आहे.

याच संग्रहात डोळ्यांच्या रुग्णांचे इंग्रजीतले केसपेपर आहेत. होय, केसपेपरच. रुग्णाचं नाव, वय, तक्रार काय, उपचार काय केला, नंतर डोळा कसा राहिला. काही पानांबरोबर त्या रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी यावर अभ्यास करून लिहिलंय, त्यातल्या चित्रांच्या प्रतिमा मी पाहिल्यात. पिकलेला मोतीबिंदू असलेला डोळा ज्याने रंगवला त्याने तो फार जवळून पाहिलेला होता. बाहुलीतला तो करडा-पांढरा रंग कल्पनेने येत नाही. फोटोग्राफीचा शोध लागायच्या आधीची गोष्ट आहे ही. आज आम्ही स्लिट लॅम्पला कॅमेरा लावून जी नोंद ठेवतो, ती तिथे कुंचल्याने ठेवली जात होती.

तंजावरातला एखादा विणकर किंवा शिपाई, ज्याचं नाव एरवी इतिहासात कुठेच येणार नाही, त्याचा डोळा तिथे रंगवलेला आहे.

---

एक_शंका

जबरदस्त! म्हणजे राजे स्वतः ऑपरेशन करायचे हे खरं?

---

डॉ_नेत्रा

तसं सांगितलं जातं खरं. पण दरबारात युरोपियन डॉक्टरही होते, आणि सुरी कोणाच्या हाती होती यावर मी छातीठोक काही बोलणार नाही. राजांनी ते घडवून आणलं आणि त्याची नोंद ठेवायला लावली, एवढ्यानेही त्यांचं मोठेपण कमी होत नाही. राजाला सर्जन करून टाकायची हौस आपल्याला जास्त आहे.

---

कावेरीकाठ

डॉक्टर, हे तुम्हीच लिहायला हवं होतं, म्हणून सोडलं होतं असं समजा.

'रोजचं जगणं' म्हणजे काय ते सांगायला एक उदाहरण. हे मोडी नाही, इंग्रजी पत्र आहे. १८०१मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेलं. छत्रांचा खर्च कंपनीला खुपत होता, म्हणून राजांनी छत्र म्हणजे नेमकं काय चालतं ते सविस्तर कळवलं. (छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरची अन्नछत्रं. आपल्या धर्मशाळेपेक्षा पुष्कळ मोठा कारभार.)

ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला भात. शिजलेलं नको असेल त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालायचं. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचे, कोणी जेवायचं राहिलंय का, राहिलं असेल त्याने यावं. वाटसरू आजारी पडला तर वैद्य, साप-विंचवावर उतारा देणारे वेगळे. बाळंतिणीची सोय, तान्ह्या मुलांना दूध. आणि वाटेत आईबाप वारलेली परक्या गावची पोरं छत्रातल्या पंतोजीच्या हवाली. त्यांना तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालायचं.

दर चार दिवसांनी तेल! हे एका राजाने कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. आता विचार करा, त्या तेलाचा, त्या भाताचा, त्या पंतोजीच्या पगाराचा हिशेब कोणीतरी कारकून मोडीत लिहीत बसला असणार. म्हणून म्हणतो, गाठोडी.

---

पेठकर_उवाच

मध्यरात्रीची घंटा वाचून गप्प बसलो. इतका वेळ गप्प राहण्याचा हा माझा विक्रम असावा.

---

तिल्लाना

उशिरा आले. सगळा धागा एका दमात वाचला.

गाठोडी वाचली तर काय होऊ शकतं याचा नमुना आमच्या क्षेत्रात आहे. सरफोजींच्या नावावरच्या मराठी नृत्यरचनांचं हस्तलिखित ग्रंथालयाने 'कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस' या नावाने छापलं. नाव वाचून किराणा दुकानाची यादी वाटते, आणि त्यामुळेच बहुधा कोणी हात लावला नसेल. मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी लावला. त्यांनी अनेक वर्षं घालवून त्या रचना नृत्यात बसवल्या आणि 'तंजावर नृत्य प्रबंध' हा ग्रंथ काढला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर नेल्या.

रचना अशी की जयजय, शरणू, अलारू इथून सुरू होऊन शब्द, वर्ण, पद, तिल्लाना करत मंगलपर्यंत अठरा प्रकार, आणि सगळ्यांत मिळून एकच कथा. याला निरूपण म्हणतात. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमात प्रत्येक रचना वेगळी, विषय वेगळा. इथे पहिल्या नमनापासून शेवटपर्यंत एकच धागा, आणि भाषा मराठी. ज्या दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु हे चौघे भाऊ वाढले, त्याच दरबारातलं हे काम.

भरतनाट्यम 'तमिळांचं' असं म्हणून नाक मुरडणाऱ्या एका काकूंना मी हे ऐकवलं होतं. त्यानंतर त्यांनी मुलीला क्लासला घातलं. आता मुलगीच येत नाही, ते सोडा.

---

बडोदेकर

तिल्लानाताई, अवांतर, पण राहवत नाही. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई माहेरच्या तंजावरच्या. १८८०मध्ये लग्न होऊन बडोद्याला आल्या, त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकही आले. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात त्यांची नेमणूक होती. आणि तेव्हाचे बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे तर तंजावरी मराठीच.

---

वेताळ_टेकडी

छापखान्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. सरफोजींनी १८०५च्या सुमारास तंजावरला देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, 'नवविद्याकलानिधी'. पुढच्या दोन-चार वर्षांत इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोधमुक्तावली', भाषांतरकार सख्खण पंडित. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव होते आणि छापखाना नव्हता. मराठी मुद्रणाचा इतिहास आपण बंगालमधलं श्रीरामपूर आणि मुंबईपासून सांगतो, तंजावर तळटिपेत.

आणि सरफोजींचं 'देवेंद्र कुरवंजी' हे नाटक! भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल गाण्यातून समजावते. नद्या, देश, खंड. शाळेत असं शिकवलं असतं तर माझे भूगोलाचे मार्क वेगळे दिसले असते.

---

लेखणी

वेताळ, शहाजीराजांचं (व्यंकोजींचे चिरंजीव, राज्यकाळ १६८४ ते १७१२) पंचभाषाविलासही बघा. कृष्णाला वरायला आलेल्या राजकन्यांचं हे नाटक, आणि पात्रं आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी. आज हे नाटक लागलं तर प्रेक्षागृहात निम्म्यांना निम्मं कळणार नाही. तेव्हा दरबारात ते चालत होतं, म्हणजे ऐकणारे होते.

याच शहाजीराजांची मराठी नाटकं तिथे आहेत. सांगलीच्या 'सीता स्वयंवरा'च्या (१८४३) दीडशे वर्षं आधीची. आद्य मराठी नाटक कोणतं हा वाद इथे सुरू करत नाही, दोन धागे आधीच त्यावर जळलेत.

---

पेठकर_उवाच

ताई, काडी टाकून 'सुरू करत नाही' म्हणणं हे आमच्या पेठेचं वैशिष्ट्य आहे, त्यावर अतिक्रमण नको.

---

नवखा_प्रवासी

पुढच्या महिन्यात जातोय. तिथे गेल्यावर काय पाहू, कसं पाहू? संशोधक वगैरे नाही, साधा वाचक आहे.

---

कावेरीकाठ

संग्रहालयासाठी निदान दोन तास ठेवा. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. कॅमेऱ्याची फार आशा धरू नका. विक्रीकेंद्रात आवर्जून जा. ग्रंथालयाने छापलेली मराठी पुस्तकं किमतीला इतकी स्वस्त आहेत की संकोच वाटतो. सरफोजींच्या काशीयात्रेवरच्या त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या मिळाल्या तर घ्या. इंग्रजी वाचत असाल तर ग्रंथालयाचं नियतकालिक १९३९पासूनचं आहे, जुने अंक चाळा.

मग बृहदीश्वराला परत जा. मंदिराच्या भिंतीवर १८०३मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे. देवनागरीत आहे, मोडी यायची गरज नाही. चिटणीस बाबूरावांनी रचलेला. इतका लांब की उभ्याने वाचून संपत नाही. लोक त्याला पाठ टेकून फोटो काढतात, तुम्ही तोंड त्याच्याकडे करा.

आणि वेळ असेल तर शिवगंगा किल्ल्यातलं श्वार्ट्झचं चर्च. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरचा गुरू आणि त्याचा हात धरून उभे तरुण सरफोजी. हे शिल्प सरफोजींनीच करून घेतलं. स्वतः धर्म बदलला नाही, गुरूला विसरले नाहीत.

---

एक_शंका

बिशप हेबर यांनी राजांबद्दल लिहिलंय ना काही? कुठेतरी वाचलं होतं.

---

वेताळ_टेकडी

हो, १८२६मध्ये भेटले होते. राजे लव्हाझिये, लिनियस, बफाँ यांच्याबद्दल सराईतपणे बोलतात याचं हेबरना फार नवल वाटलं. भेटीनंतर काही दिवसांतच हेबर त्रिचनापल्लीला वारले.

मला त्या नवलाचंच नवल वाटतं. पुस्तकं त्यांनीच मागवलेली, त्यांनीच वाचलेली. बोलणार नाहीत तर काय?

---

चमचा_झारा

शरभेंद्र पाकशास्त्र मागवायचं ठरवलंय. पण मापं चक्रम-पणमच्या भावात आणि मरक्कालच्या हिशेबात असतील तर माझ्या कुकरचं काय होणार?

---

लेखणी

मरक्काल म्हणजे आपल्या घरच्या स्वयंपाकाचं माप नव्हे, कोठीचं. तेवढा भात केलात तर आख्खी सोसायटी जेवायला बोलवावी लागेल.

रायर अण्णा, एक विचार मनात आलाय. तुमच्याकडे ते तमिळ खंड आहेत. माझ्याकडे वाचनाचा सराव आणि चार चांगले विद्यार्थी. तुम्ही तमिळ वाचून तोंडी सांगा, आम्ही मराठीत उतरवू. मूळ मोडीच्या प्रतिमा मिळतील तिथे त्या मागवून ताडून बघू. गावांची आणि मापांची एक यादी आधी करू, म्हणजे पुढे तंजावरी वळण वाचणाऱ्याला अंदाज बांधायला काहीतरी आधार.

---

रायर_अण्णा

ताई, मी तर केव्हाचा वाट बघतोय कोणी विचारायची. छत्रांबद्दलची पानं आधी घेऊ? कावेरीकाठ यांच्या त्या घंटेमुळे डोक्यात तेच बसलंय. खुणा घालून ठेवतो. शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बसायचं का?

---

लेखणी

शनिवारी वर्ग असतो. रविवारी सकाळी नऊला. आणखी कोणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोडी येत नसलं तरी चालेल, टंकायला माणसं लागतीलच.

---

पेठकर_उवाच

व्यनि केलाय. टंकन जमतं. नऊ म्हणजे नऊच का?